मूल पार्सलने गेलं, पण किती सेंटांच्या तिकिटावर?

इतिहासातल्या रंजक गोष्टी सांगणाऱ्या मराठी पानांचे चालक, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांचे संपादक आणि मुलांच्या मासिकांचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

गणवेशातला पोस्टमन, खांद्याला टपालाची पिशवी आणि पिशवीतून डोकं बाहेर काढलेलं बाळ. हा फोटो तुमच्यापैकी अनेकांनी छापला आहे, पुढे पाठवला आहे. खाली बहुतेक एकच ओळ असते: एकेकाळी अमेरिकेत मुलं पोस्टाने पाठवत. आम्ही टपालाच्या इतिहासाचा अभ्यास करणारे काही जण हे पत्र लिहीत आहोत, कारण त्या ओळीत थोडं खरं आहे, फोटोत ते मुळीच नाही, आणि खऱ्या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग दर वेळी गाळला जातो. तो भाग म्हणजे वजन, दर आणि नियम.

आधी फोटोचं. तो अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहातला आहे, सुमारे १९०० सालचा, आणि गमतीसाठी मुद्दाम जुळवून काढलेला आहे. अमेरिकेत पार्सल सेवा सुरू झाली १ जानेवारी १९१३ रोजी. म्हणजे ज्या सेवेतून मुलं गेल्याचं सांगितलं जातं, ती सेवा हा फोटो निघाला तेव्हा जन्मालाही आली नव्हती. फोटो छापायला हरकत नाही, पण तो ‘पुरावा’ म्हणून छापू नका.

आता जे खरोखर घडलं ते. १९१३ पूर्वी अमेरिकेच्या टपालात देशांतर्गत पुडक्याला ४ पौंडांची मर्यादा होती. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, तेव्हा ही मर्यादा दोन किलोंहूनही कमी. परदेशी पाठवायचं पार्सल मात्र ११ पौंडांचं चालत असे. परक्या देशातल्या नातेवाइकाला पाच किलो पाठवता येतात आणि शेजारच्या गावातल्या बहिणीला दोन किलोही नाहीत, ही तक्रार वर्षानुवर्षं होत होती. मोठं सामान खाजगी एक्स्प्रेस कंपन्यांच्या हातात होतं आणि त्यांना आडगावात जाण्यात रस नव्हता. ऑगस्ट १९१२ च्या कायद्याने पार्सल सेवा आली तेव्हा लोकांनी ती अक्षरशः हातोहात उचलली. अंडी, कापलेल्या कोंबड्या, लोणी, रोपं, अवजारं असं सगळं पोस्टमनच्या गाडीत चढू लागलं. ग्रामीण फेरीचा पोस्टमन दारात तिकिटं विकत असे, पार्सल घेत असे, पोचवत असे. शेतावर राहणाऱ्या कुटुंबाच्या दारी रोज येणारा बाहेरचा माणूस बहुधा तोच. हे लक्षात घेतलं नाही तर पुढची गोष्ट आईबापांच्या निष्काळजीपणाची वाटते, आणि ती तशी नाही.

सेवा सुरू झाली तेव्हाचा दर असा होता. ज्या टपाल कचेरीत पार्सल दिलं, तिच्याच हद्दीत किंवा तिथूनच सुटणाऱ्या ग्रामीण फेरीवर ते पोचवायचं असेल, तर पहिल्या पौंडाला ५ सेंट आणि पुढच्या प्रत्येक पौंडाला १ सेंट. दुसऱ्या कचेरीच्या हद्दीत पण ५० मैलांच्या आत असेल, तर पहिल्या पौंडाला ५ आणि पुढे पौंडाला ३. पौंडाचा अपूर्णांक पूर्ण पौंड धरायचा. कमाल वजन ११ पौंड.

जानेवारी १९१३ मध्ये, सेवेला महिनाही झाला नव्हता तेव्हा, ओहायो राज्यातल्या ग्लेन एस्टे इथल्या एका जोडप्याने आपलं सुमारे आठ महिन्यांचं बाळ मैलभरावर राहणाऱ्या आजीकडे पोस्टमनबरोबर पाठवलं. बाळाचं वजन पावणेअकरा पौंड. तिकीट १५ सेंटांचं, विमा ५० डॉलरचा. आता हिशेब करून पाहा. पावणेअकरा म्हणजे आकारणीला ११. पहिल्या पौंडाचे ५, उरलेल्या दहांचे १०, एकूण १५. हिशेब सेंटाला सेंट जुळतो, आणि जुळताना आणखी एक गोष्ट सांगून जातो: बाळ दुसऱ्या कचेरीत गेलंच नाही. गेलं असतं तर ३५ सेंट पडले असते. ते पिशवीत भरून सॉर्टिंगच्या टेबलावर आलं नाही, रेल्वेत चढलं नाही. ओळखीच्या पोस्टमनने त्याच्याच फेरीवरच्या घरी नेऊन दिलं. विम्याची रक्कम ५० डॉलरच का, याचंही उत्तर नियमातच आहे: त्या वेळी पार्सलचा विमा त्याहून जास्त रकमेचा उतरवताच येत नसे. ‘आईबापांनी लेकराची किंमत ५० डॉलर ठरवली’ असा मथळा आम्ही पाहिला आहे. तो मथळा नुसता चुकीचा नाही, दुष्टही आहे.

आणखी एक खूण. १९१३ च्या पहिल्या सहा महिन्यांत पार्सलवर साधी तिकिटं चालत नसत, खास पार्सलची तिकिटं लावावी लागत. ती बारा मूल्यांची होती आणि सगळी एकाच लालसर रंगात छापलेली. त्यामुळे घाईच्या वेळी कारकुनांचा गोंधळ होई. १५ सेंटांच्या तिकिटावर टपालाची मोटारगाडी होती, २० सेंटांच्या तिकिटावर विमान. विमानाचं चित्र असलेलं जगातलं पहिलं टपाल तिकीट ते हेच. १ जुलै १९१३ पासून कोणतंही तिकीट चालू लागलं. जानेवारी १९१३ च्या गोष्टीशेजारी वॉशिंग्टनचं डोकं असलेलं साधं तिकीट छापलंत, तर जाणकार लगेच ओळखेल.

सगळ्यात गाजलेली गोष्ट मे पियरस्टॉर्फ या मुलीची. १९ फेब्रुवारी १९१४, आयडाहो राज्य, ग्रेंजव्हिल ते लुइस्टन, ७३ मैल. मुलगी पाच वर्षांची, वजन साडेअठ्ठेचाळीस पौंड, म्हणजे सुमारे २२ किलो. कोटाला ५३ सेंटांची तिकिटं. इथे चौकस वाचक विचारेल की मर्यादा ११ पौंडांची असताना ४८ पौंड कसे चालले? मर्यादा बदलली होती म्हणून. १५ ऑगस्ट १९१३ पासून अंतराप्रमाणे पाडलेल्या जवळच्या दोन पट्ट्यांसाठी, म्हणजे १५० मैलांपर्यंत, ती २० पौंड झाली आणि १ जानेवारी १९१४ पासून ५० पौंड. दरही उतरून पहिल्या पौंडाला ५ आणि पुढे पौंडाला १ सेंट असा झाला. साडेअठ्ठेचाळीसचे आकारणीला ४९. पाच आणि अठ्ठेचाळीस मिळून ५३. पुन्हा सेंटाला सेंट.

हीच मुलगी तीन महिने आधी, नोव्हेंबर १९१३ मध्ये, कोणत्याही कारकुनाला घेता आली नसती. जानेवारीच्या नव्या मर्यादेनंतर सातच आठवड्यांत ती गेली. ही गोष्ट चमत्कारिक आईबापांची नाही, पन्नास पौंडांच्या मर्यादेची आहे. आणि ती एकटी गेली नाही. रेल्वेतल्या टपालाच्या डब्यात, आपल्याकडच्या आर.एम.एस.च्या (रेल्वे टपाल सेवेच्या) डब्यासारख्या, तिचा नातेवाईकच कारकून म्हणून कामावर होता. त्यानेच तिला आजीच्या घरी पोचवलं. रेल्वेच्या प्रवासी तिकिटापेक्षा ५३ सेंट स्वस्त पडले, एवढंच त्यामागचं कारण.

‘तिला कोंबडीचं पिलू म्हणून नोंदवलं’ ही पुस्तीही बऱ्याच ठिकाणी जोडली जाते. कृपा करून ती काढून टाका. एक दिवसाची पिलं टपालाने पाठवायला अमेरिकेत परवानगी मिळाली १९१८ मध्ये, मे आजीकडे गेली त्यानंतर चार वर्षांनी. १९१४ साली ज्या सोयीचं अस्तित्व नव्हतं, तिच्या नावाखाली कोणाची नोंद होणार?

बंदीबद्दलही सैल लिहिलं जातं. मे पियरस्टॉर्फच्या प्रवासानंतर पोस्टमास्तर जनरल अल्बर्ट बर्लसन यांनी माणसं टपालात न घेण्याची सूचना दिली, पण दूरच्या कचेऱ्यांत तुरळक प्रकार चालू राहिले. १९१५ मधल्या घटनाही नोंदलेल्या आहेत. जून १९२० मध्ये खात्याने पुन्हा स्पष्ट निर्णय दिला आणि त्याचा आधार वाचण्यासारखा आहे: मुलं ही ‘वाटेत अन्नपाणी न लागणारे निरुपद्रवी जिवंत प्राणी’ या वर्गात बसत नाहीत. हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. जिवंत पार्सलासाठी खात्याची ही कसोटी होती, आणि तिला अर्थ होता.

ती कसोटी कशी काम करते ते कोंबडीच्या पिलावरून कळतं. अंड्यातून बाहेर येण्याआधी पिलू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर ते साधारण तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय तग धरतं. म्हणून नियम असा की पिलं अंड्यातून बाहेर आल्यापासून २४ तासांच्या आत टपालात द्यायची आणि ७२ तासांच्या आत पोचली पाहिजेत. उशीर झाला तर दाणे टाकून भागत नाही, कारण वाटेत पाणी द्यायला कोणी नसतं. खोकं शंभर पिलांचं असेल तर आत चार कप्पे करून प्रत्येकात पंचवीस ठेवायची. एकच मोठा कप्पा ठेवला तर थंडी वाजताच सगळी एका कोपऱ्यात गोळा होतात आणि तळातली गुदमरून मरतात. उलट फार थोडी भरली तर एकमेकांची ऊब पुरत नाही. खोक्याला बाजूने भोकं हवीत आणि एकावर एक रचल्यावरही ती बुजू नयेत म्हणून मध्ये फट राहील अशा पट्ट्या हव्यात. ही पद्धत अमेरिकेत आजही चालू आहे आणि वसंतात तिकडच्या टपाल कचेऱ्यांमध्ये चिवचिवाट असतो.

राणीमाशीचं पार्सल तर कारागिरीचा नमुना आहे. लाकडाच्या लहानशा ठोकळ्यात ओळीने तीन गोल खळगे कोरलेले, आतून एकमेकांना जोडलेले, वर बारीक जाळी. फ्रँक बेंटन या मधमाशीतज्ज्ञाच्या नावाने हा पिंजरा ओळखला जातो. दोन खळग्यांत राणी आणि तिच्या सेवेतल्या कामकरी माशा, तिसऱ्यात मध आणि पिठीसाखर मळून केलेला गोळा. वाटेत राणीला भरवायचं आणि तिची निगा राखायचं काम कामकरी माशा करतात, म्हणून त्यांना बरोबर धाडतात. गोळा सैल झाला तर माशा त्यात चिकटून मरतात, फार कडक झाला तर कुरतडता येत नाही. विमानाने पाठवताना एका राणीबरोबर जास्तीत जास्त आठ कामकरी माशा, असा अमेरिकी टपालाचा आजचा नियम आहे. पोचल्यावर पिंजरा तसाच नव्या पेटीत ठेवतात. पेटीतल्या माशा बाहेरून तो गोळा खात आत शिरतात, आणि त्याला जे काही दिवस लागतात तेवढ्यात राणीचा वास त्यांच्या ओळखीचा होतो. लगेच सोडली तर त्या तिला परकी समजून मारतात. एकच साखरेचा गोळा वाटेतलं जेवणही आहे आणि पोचल्यावरचं कुलूपही.

विंचवांचंही असंच. अमेरिकी कायद्यात जिवंत विंचू टपालाने पाठवायला परवानगी आहे, मात्र फक्त वैद्यकीय संशोधनासाठी किंवा विषावरचा उतारा तयार करण्यासाठी, एकात एक अशा दोन पक्क्या डब्यांत आणि वर तसं ठळक लिहून. ‘अमेरिकेत विंचू पोस्टाने पाठवतात’ एवढंच छापलं तर ते विचित्र वाटतं. ज्या कोकणात विंचूदंशाने माणसं दगावत आणि महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावरच्या उपचाराचं जगभर वाखाणलेलं काम केलं, तिथल्या वाचकाला पुढचं अर्धं वाक्य सांगितलंत तर त्याला त्यात विचित्र काही वाटणार नाही.

आता विटांची गोष्ट, जी आमच्या मते या सगळ्यांत थोर आहे आणि मराठीत जवळजवळ सांगितलीच जात नाही.

युटा राज्यात वर्नल नावाचं गाव आहे. १९१६ मध्ये तिथे बँकेची इमारत बांधायची होती आणि डब्ल्यू. एच. कोल्थार्प या व्यापाऱ्याला दर्शनी भागासाठी सॉल्ट लेक सिटीच्या दाबलेल्या विटा हव्या होत्या. वर्नलला रेल्वे नव्हती. खाजगी मालवाहतुकीचा भाव १०० पौंडांना सुमारे अडीच डॉलर, म्हणजे २००० पौंडांच्या टनाला ५० डॉलर. त्याने पार्सलचा दर पाहिला. सॉल्ट लेक सिटी ते वर्नल हे अंतर सरळ रेषेत १५० मैलांच्या आत, म्हणजे दुसरा पट्टा. ५० पौंडांच्या खोक्याला ५ अधिक ४९, एकूण ५४ सेंट. टनाची ४० खोकी, २१ डॉलर ६० सेंट. निम्म्याहूनही कमी.

सगळी ग्यानबाची मेख ‘सरळ रेषेत’ या दोन शब्दांत आहे. पार्सलचा पट्टा नकाशावर पट्टी ठेवून ठरत असे, पण विटा पट्टीवरून चालत जात नाहीत. मध्ये डोंगर. म्हणून त्या सॉल्ट लेक सिटीहून रेल्वेने आधी शेजारच्या कोलोरॅडो राज्यातल्या मॅक या ठाण्यावर गेल्या, तिथे उतरवून अरुंद रुळांच्या युइंटा रेल्वेत चढल्या, वॉटसनला पुन्हा उतरल्या आणि तिथून घोड्यांच्या मालगाड्यांतून सुमारे ६५ मैल कच्च्या रस्त्याने वर्नलला. एकूण प्रवास ४०० मैलांहून जास्त. गाडी बदलताना दर वेळी प्रत्येक खोकं हाताने उचलायचं. टपाल खात्याने तिकीट घेतलं नकाशावरच्या अंतराचं आणि पैसे मोजले रस्त्यावरच्या अंतराचे. वाटेतल्या लहान कचेऱ्या विटांच्या खोक्यांनी भरून गेल्या आणि साध्या टपालाला जागा उरेना.

बर्लसन यांनी कळवलं की टपालाने इमारती पाठवल्या जाव्यात हा टपाल सेवेचा हेतू नाही. पण हेतू सांगून पार्सल अडवता येत नाही, त्याला नियम लागतो, आणि तो नियम फार नेटका होता: एका प्रेषकाने एका पत्त्यावर एका दिवसात जास्तीत जास्त २०० पौंड. त्यात विटेचं नाव नाही, इमारतीचं नाही, वर्नलचं नाही. वीट टपालाने पाठवायला बंदी झालीच नाही. पूर्ण वजनाची चार खोकी रोज पाठवता येत होती. फक्त त्या वेगाने भिंत उभी राहत नाही. वाईट नियम वस्तूचं नाव घेतो आणि लोक दुसरी वस्तू शोधतात. चांगला नियम अडचण नेमकी कुठे झाली ते पाहतो. इथे अडचण विटेची नव्हती, एकाच दिशेने एकदम आलेल्या वजनाची होती. बँकेची ती इमारत आजही वर्नलमध्ये उभी आहे.

हाच प्रश्न अलास्कात पुन्हा आला तेव्हा उत्तर उलटं दिलं गेलं, म्हणून दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी छापायला हव्यात. तिथल्या शेकडो वस्त्यांना रस्ताच नाही. दुकानदार पीठ, दूध, पेयं पार्सलने मागवत आणि लहान कचेऱ्या खोक्यांखाली दबून जात. १९७२ पासून तिथे वेगळी सोय झाली. किमान १००० पौंडांची मागणी असेल तर माल लाकडी फळ्यांवर रचून, गुंडाळून, अँकरेज किंवा फेअरबँक्सहून थेट विमानात चढवायचा आणि गावच्या दुकानदाराने थेट उतरवून घ्यायचा. दर टपालाचा, पण माल टपाल कचेरीत शिरतच नाही. वर्नलला वजनावर वरची मर्यादा घातली, अलास्कात खालची. दोन्ही ठिकाणी वाचवायचं होतं ते एकच: लहान कचेरीतल्या माणसाची कंबर आणि तिथली जागा.

लंडनच्या ‘मानवी पत्रां’ची गोष्ट मात्र मुलांच्या गोष्टीत मिसळू नका. २३ फेब्रुवारी १९०९ रोजी स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यातल्या डेझी सॉलोमन आणि एल्स्पेथ मॅक्लेलंड यांना पंतप्रधानांच्या १०, डाउनिंग स्ट्रीट या पत्त्यावर तीन पेन्सांना पाठवण्यात आलं. ही पळवाट नव्हती. माणसाला एक्स्प्रेस निरोप्याबरोबर इच्छित स्थळी पोचवण्याची सोय ब्रिटिश टपालाच्या नियमपुस्तकात उघड छापलेली होती. निरोप्या मुलाने त्यांना दारापर्यंत नेलं, आतल्यांनी स्वीकारायला नकार दिला. अमेरिकेतल्या आईबापांना पैसे वाचवायचे होते, या दोघींना दार ठोठावायचं होतं.

आपल्याकडचं काही जोडायचं असेल तर ‘बैरंग’ पत्र घ्या. तिकीट न लावता पत्र टाकायचं, पाकिटावरच खूण करून ठेवायची, आणि घेणाऱ्याने खूण पाहून पत्र नाकारायचं. निरोप पोचला, खर्च शून्य. जिथे जिथे पैसे घेणाऱ्याकडून वसूल होत, तिथे ही युक्ती चालत असे. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याच्या ११व्या कलमात याला बांध होता: घेणाऱ्याने नाकारलं तर थकलेला आकार पाठवणाऱ्याने भरायचा. त्याच कायद्याचं १९वं कलम जिवंत प्राण्यांवर सरसकट बंदी घालत नव्हतं. उपद्रवी किंवा इतर टपालाला, कर्मचाऱ्यांना इजा करणारे प्राणी तेवढे वर्ज्य होते. आंतरराष्ट्रीय टपालातही मधमाश्या, जळवा आणि रेशमाचे किडे यांना पूर्वापार मुभा आहे. मात्र हा कायदा आज लागू असल्यासारखा छापू नका. १८ जून २०२४ पासून त्याची जागा २०२३ च्या टपाल कायद्याने घेतली आहे.

तुमच्याकडून आम्हाला हवं ते फार नाही. अशी गोष्ट हाती आली की तीन आकडे शोधा: तारीख, वजन, तिकीट. त्या तारखेची कमाल मर्यादा आणि दर लावून बेरीज करा. बेरीज जुळली तर ती बेरीजच छापा. मुलांच्या मासिकात तर ती गणित म्हणून घाला, पोरं आनंदाने सोडवतील. जुळली नाही तर गोष्ट थांबवा. ‘मुलं पोस्टाने पाठवत’ असं रीतीसारखं लिहू नका, नोंदलेल्या घटना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. आणि तो फोटो पुन्हा वापरणार असाल तर खाली ही ओळ घाला, आमचं नाव घालायची गरज नाही:

‘सुमारे १९०० सालचा, गमतीसाठी जुळवून काढलेला फोटो. अमेरिकेत पार्सल सेवा सुरू झाली ती १ जानेवारी १९१३ रोजी.’

कळावे,

टपालाच्या इतिहासाचे काही अभ्यासक